पार्सल कस्टममध्ये अडकलंय

६ फेब्रुवारी

अडकलं! पार्सल दिल्लीला कस्टममध्ये अडकलं. शाकीरच्या मोबाईलवर मेसेज आला — कागदपत्रं अपुरी. तळहाताएवढा कंट्रोलर तो! माझ्या बॅटरीच्या तीनचाकीची मोटार त्याच्यावर चालते. संक्रांतीच्या आधी जळाला. शाकीरनं परभणी पाहिली, नांदेड पाहिलं. कुणाकडंच नाही. गाडी बनवणारी कंपनीच बंद पडली म्हणे. मग मोबाईलवरून थेट चीनहून मागवला. शांघायहून दिल्लीला झटक्यात आला. दिल्लीहून आमच्या गावाला, हट्ट्याला, येईना.

९ फेब्रुवारी

आधारवर शेख यास्मीन बेगम. पार्सलवर नुसतं यास्मीन. म्हणजे मी ती नाहीच! शाकीर म्हणाला, "आपा, तू तूच है, ये अब कैसा साबित करना?" बहीणभाऊ खूप हसलो. परत आधार पाठवलं, पॅन पाठवलं. उत्तर नाही.

१३ फेब्रुवारी

दुकान बंदच म्हणायचं. बांगड्यांचं दुकान बसस्टँडजवळ, घर इकडं, मधी ट्रकांचा रस्ता. शाकीर टेम्पोवर जायच्या आधी घडीभर उघडून बसतो. पण बाया त्याच्यापुढं हात करत नाहीत, लाजतात. शेजारच्या जनरल स्टोअरवाल्या प्रतिक्षाचा फोन आला — "ताई, उकंडरावच्या नातीचं लगीन हाय. चुडा तुमच्याच हातून भरायचा म्हणून बसून राहिलेत लोक. काय सांगू?" काय सांगायचं! दिल्लीवाल्यांना विचारा म्हणावं.

शेवटी वसमतहून कोणी कासारीण आणली त्यांनी.

अम्मी मला उचलून ओट्यावर नेते, केस विंचरते, समोर बसून जेवू घालते. ह्या वयात! तिची कंबर जाईल एखाद्या दिवशी. पोलिओनं पाय गेले तेव्हा मी अंगावर पिणारं लेकरू होते, त्याचं मला कधी रडू आलं नाही. आज आलं.

१७ फेब्रुवारी

कुरिअर कंपनीच्या बाईला फोन लावला. "मॅडम, मोटर व्हेइकल पार्ट दिखा रहा है. ड्यूटी लगेगी. कौन सी कार का है?"

म्हटलं, कारचा नाही हो, अपंगाची तीनचाकी आहे.

"उसका ऑप्शन नहीं आ रहा, मॅडम."

पार्टच्या किमतीवर ड्यूटी, विमानाच्या भाड्यावरही ड्यूटी, आणि ह्या सगळ्यावर परत जीएसटी. टॅक्सवर टॅक्स! मी म्हटलं, लावा किती लावायचा तो. भरते. पण सोडा! तर म्हणे फाईल साहेबांकडं आहे. अपंगाच्या गाडीचा असेल तर टॅक्स कमी बसेल — सरकारी दवाखान्याचं नवीन सर्टिफिकेट पाठवा. जुनं चालत नाही.

मधल्या काळात मला नवे पाय फुटले का?

१९ फेब्रुवारी

"प्रोसेस में है, मॅडम."

२३ फेब्रुवारी

हिंगोलीला जाऊन आलो, मी आणि शाकीर. दिवस गेला. दवाखान्यात व्हीलचेअरच्या उताराच्या फाटकाला कुलूप, किल्ली कुणाकडं ते कुणालाच माहीत नाही. शाकीरनं पाठीवर घेऊन जिना चढवला. सगळे बघत होते. वर गेल्यावर कळलं, सर्टिफिकेटवाले डॉक्टर रजेवर. शिपाई म्हणाला, "काहून आलात आज? फोन करून येत जा ना." फोन कुणाला करायचा ते काही त्यानं सांगितलं नाही.

घरी आलो तर अम्मीनं शेवया करून ठेवल्या होत्या. मी काही न सांगताच म्हणाली, "जाने दे बेटा. अल्ला की मर्जी." मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिले. ती आहे म्हणून दिवस निघतायत.

२७ फेब्रुवारी

मेसेज — "स्वीकारण्यास नकार. पार्सल परत पाठवले."

कुणी नाकारलं? खोटारडे! साहेबांनी फाईल उघडलीच नसणार, वरून आमच्यावर ढकलतात. शाकीर फोन लावून लावून थकला. गाणं वाजतं नुसतं. आता परत मागवायचं, परत तेच सगळं. कुणाच्या पाया पडायचं तेही कळत नाही. पाया पडायला तरी माणूस समोर पाहिजे ना!

२९ फेब्रुवारी

कुरिअरचा बुद्धभूषण गल्लीत आला होता. ओट्यावरूनच हाक मारून भांडले त्याच्याशी. तो गाडीवरून उतरला. "ताई, शुक्रवारी आणलं होतं की मी! टॅक्स लावून सुटलं होतं, पैसे घेऊन द्यायचं होतं. तुमी हिंगोलीला गेलता. शाकीरभाईचा फोन लागला न्हाई. आजी म्हणल्या, न्हाई पाहिजे, घेऊन जा."

मी मागं वळून पाहिलं. अम्मी दारात उभी होती.

"हां. मैंच नक्को बोली," ती म्हणाली. "तू रोड पे जाती तो शाम तक मेरा जीव ठिकाने पे नई रहता. इत्ते दिन घर में थी... मेरे कू अच्छा लगा."