मी झोपत नाही, डोळे मिटून ऐकतो

२ जुलै
आजपासून रोजनिशी. वाचणारा मी एकटाच, त्यामुळे थापा मारायचं कारण नाही.
मेडिसिनच्या मॅडमनी भर लेक्चरमध्ये उभं केलं. म्हणे मी घोरत होतो. मी झोपत नाही, डोळे मिटून ऐकतो. उघडे ठेवले की पुढच्या बाकावरचा मुलगा पेन चावताना दिसतो आणि लक्ष उडतं. आत्ता काय शिकवलं, असं विचारलं. मी ठामपणे हृदय म्हणालो. मूत्रपिंड चालू होतं. एवढं हसण्यासारखं काय त्यात? दोन्ही एकाच माणसात असतात.

४ जुलै, दुपारी ३
मॅडम संशोधन करतायत. मेडिकलच्या मुलांना दिवसा येणारी झोप आणि त्यांचे मार्क. आठ प्रश्नांचा फॉर्म आहे. वाचताना डुलकी लागते का, गाडीत लागते का, कुणाशी बोलता बोलता लागते का. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन. मी आठही ठिकाणी शून्य घातलं. शास्त्राशी खोटं बोलू नये. फॉर्मवर मान टेकली गेल्यामुळे कोपरा जरा ओला झाला होता, तो पुसून दिला.

८ जुलै
परिस्थिती अशी. इंटर्नलला निम्मे मार्क पडले तरच फायनलला बसता येतं. नाही पडले तर सहा महिने मागे, ज्युनिअर बॅचबरोबर. लेखीत मी काठाच्या किंचित अलीकडे आहे. म्हणजे सगळा भार सहा ऑगस्टच्या वॉर्डमधल्या परीक्षेवर. एक पेशंट, पाऊण तास. त्याला काय होतंय ते विचारायचं, तपासायचं, मग मॅडम येऊन आपल्याला विचारणार.
बाबा टेलर. दुकानात येईल त्याला सांगतात, पोरगा या वर्षी डॉक्टर होतोय. पांढऱ्या कोटाचं कापडही आणून ठेवलंय. मागच्या सुट्टीत माझं माप घेतलं तेव्हा आईने फोटो काढला. त्यामुळे मागे राहणं जमणार नाही, विषय संपला.
उद्यापासून कडक अभ्यास.

९ जुलै
टाइमटेबल केलं. चार रंगांत. हृदय लाल, फुप्फुस निळं, पोट हिरवं, उजळणी जांभळी. पट्टीने रेघा मारल्या. पूर्ण व्हायला रात्रीचे अडीच वाजले, पण काम चोख. पहाटे पाचला लाल.

१० जुलै, सकाळी ११.४०
उठलो. लाल हुकलं, निळंही. टाइमटेबलमध्येच मूलभूत दोष असणार. आज रात्री नव्याने करतो.

१७ जुलै
पाचवं टाइमटेबल. आता सहा रंग.
रूममेटला आम्ही कोंबडा म्हणतो, कारण तो गजराशिवाय पाचला उठतो. त्याचं म्हणणं, हे रंगकाम सोड आणि अकराला झोप, सगळं सुरळीत होईल. अकराला झोपलो तर टाइमटेबल कधी करणार? एकेकाला दूरदृष्टीच नसते. वर्गात पहिला येतो म्हणून प्रत्येक बाबतीत कळतं असं थोडंच आहे.

२६ जुलै
उभ्याने अभ्यास करायचं ठरवलं. उभ्या माणसाला झोप लागत नाही. लायब्ररीत कपाटाला टेकून फुप्फुस उघडलं. पहिलं पान छान झालं. लायब्ररीच्या बाईंनी बंद करायची वेळ झाली म्हणून उठवलं. त्यांच्या मते मी दोन तास तसाच होतो. एवढी एकाग्रता त्यांनी कधी पाहिली नसावी.

५ ऑगस्ट
उद्या परीक्षा. तयारी उत्तम. बारावं टाइमटेबल भिंतीवर आहे, कोंबडासुद्धा म्हणाला की दिसायला सुंदर आहे.

६ ऑगस्ट, दुपारी १
लिहावंसं वाटत नाहीये. पण रोजनिशी म्हणजे रोजनिशी.
खाट नंबर चौदा. आजोबा. दम लागतो, पाय सुजतात. असे पेशंट परीक्षांना मुरलेले असतात. मी स्टुलावर बसेपर्यंत त्यांनी उजवी कूस वर केली आणि इथे ऐक, इथे आवाज आहे, सगळे इथेच ऐकतात, असं सांगितलं. देवमाणूस. मग दम कधीपासून लागतो ते सांगायला लागले. सावकाश बोलतात. आवाज खोल. मुलीच्या लग्नापासून सुरुवात केली. पंख्याचा वारा नेमका माझ्या मानेवर.
पुढचं मला शेजारच्या खाटेवाल्या पोराने सांगितलं. त्याचीही तिथे परीक्षाच चालू होती. मॅडम आल्या तेव्हा माझं डोकं आजोबांच्या गादीवर होतं आणि स्टेथो त्यांच्या गुडघ्यावर. आजोबांनी ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाले, "आत्ताच डोळा लागलाय हो बिचाऱ्याचा. काय विचारायचंय ते मला विचारा."
मॅडमनी विचारलं. आजोबांनी सगळं बरोबर सांगितलं, म्हणे निदानासकट.

१० ऑगस्ट
इंटर्नल: नापास. आजोबांचे मार्क मला धरता येत नाहीत, असा नियम आहे.
दिवसभर पांघरूण डोक्यावर घेऊन पडलो. रडलो थोडा. घरी फोन केला नाही.

११ ऑगस्ट
अरे! आजार!
साधं सुचलं नाही इतके दिवस. सुदृढ माणूस परीक्षेत पेशंटच्या गादीवर झोपतो का? हा झोपेचा आजार आहे. नियमात स्पष्ट लिहिलंय, आजारपणाचं सर्टिफिकेट असेल तर परीक्षा पुन्हा घेतात. मॅडमकडे धावत गेलो. त्यांनी माझा जुलैचा फॉर्म काढून आठ शून्यं दाखवली. मी म्हटलं, आजाराचंच लक्षण ते, रुग्णाला कळत नाही. त्यांनी नवा फॉर्म दिला. चोवीसपैकी चोवीस. आजवर कुठेच पैकीच्या पैकी मिळाले नव्हते.
मॅडमनी झोपेच्या विभागात चिठ्ठी दिली. वर दोन आठवडे रोजच्या झोपेची नोंद ठेवायला सांगितली.

२६ ऑगस्ट
झोपेची नोंद आज एका बैठकीत पूर्ण केली. रोज अकरा ते सात, चौदा दिवस. खरं लिहिलं असतं तर म्हणाले असते, रात्री जागतोस म्हणून दिवसा झोपतोस. नसता संशय कशाला?

२८ ऑगस्ट, रात्री ९
झोपेचा विभाग. डोक्याला तारा चिकटवल्यात. मोबाइल काढून घेतला, रंगीत पेनंही. नऊला दिवे घालवतात. दुसरं काही करण्यासारखंच नाही. रात्रीच्या तपासणीला काही अर्थ नाही. खरी परीक्षा उद्या. दिवसभरात पाच वेळा अंधाऱ्या खोलीत आडवं करणार आणि किती मिनिटांत झोप लागते ते मोजणार. लवकर लागली की आजार सिद्ध. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातचा विषय आलाय.

२९ ऑगस्ट, सकाळी ९.३०
रात्री नऊ तास गाढ झोपलो. पहिली डुलकी: वीस मिनिटं दिली, झोप नाही. हरकत नाही, चार बाकी आहेत.

११.३०
छताला एकशे बारा भोकं आहेत.

दुपारी १.३०
मेडिसिनचं लेक्चर आठवून पाहिलं. सगळं आठवत गेलं. मूत्रपिंडसुद्धा. हा काय प्रकार आहे?

३.३०
टेक्निशियन काका आतून माइकवर म्हणाले की डोळे मिटा. मिटलेलेच होते. असं टवटवीत मला वर्षभरात वाटलं नाही, आणि मुहूर्त बघा.

५.३०
पाचही गेल्या. शंभर मिनिटांत एक जांभईसुद्धा नाही. गादी सदोष असणार. तशी लेखी तक्रार दिली.

४ सप्टेंबर
रिपोर्ट: नॉर्मल. रात्रीची झोप पुरेशी, सोबतच्या नोंदीनुसार रोज आठ तास. दिवसा झोपेकडे कल नाही. सर्टिफिकेट नाही.
मॅडम रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. रिपोर्ट परत देत म्हणाल्या, "तुला एका रात्रीत बरं केलं त्यांनी. कळतंय का?"
नाही कळलं.
घरी फोन केला. आईने फोन बाबांकडे दिला. मागे शिलाई मशीन चालू होतं ते थांबलं. मग म्हणाले, "कापड काही नासत नाही. तू मात्र माप बदलू देऊ नकोस."
फोन ठेवला. आता खरंच मनावर घ्यायचं. शपथ.

१ ऑक्टोबर, पहाटे ३
आजपासून ज्युनिअर बॅच. नवी सुरुवात, नवं टाइमटेबल, आठ रंग. आत्ताच पूर्ण झालं.

१ ऑक्टोबर, दुपारी १
पहिल्या बाकावर बसलो, मॅडमच्या अगदी समोर. सकाळच्या लेक्चरचा विषय झोपेचे विकार. मॅडमनी माझाच रिपोर्ट नाव झाकून पडद्यावर लावला होता म्हणे, दिवसा अजिबात न झोपणाऱ्या विद्यार्थ्याचा नमुना म्हणून. मग माझ्याकडे बोट दाखवून पाच मिनिटं अवाक्षर न बोलता उभ्या राहिल्या, आणि सगळा वर्ग हसून हसून बाकावर पडला.
हे सगळं मला शेजारच्या ज्युनिअरने सांगितलं, वर्ग रिकामा झाल्यावर, खांदा हलवून.