दोन वाटा, पंधरा गावं

२२ ऑगस्ट ९९, रविवार
ह्यांचा फोन आला पुण्याहून. नऊपासून लावून राहिले होते, लागला साडेबाराला. बोलणं काय, तर बरी हायेस का, आई बरी हाये का. नर्सिंगचं विचारलं तर म्हणे दादाला, म्हणजे सासऱ्यांना, विचार. विचारलं. सासरे तंबाखू मळत म्हणाले, "तू गेल्यावर फोन कोण बघंल?"
घ्या. बारावी झाले, हिंगोलीच्या वेटिंग लिस्टला पहिली आहे, आणि अडवलं कोणी मला, तर ओसरीतल्या त्या काळ्या डब्यानं. गावाचा फोन आमच्या घरात बसला तेव्हा पेढे मीच वाटले होते. तेव्हाच हात मोडायला पाहिजे होते माझे.

२५ ऑगस्ट, बुध.
आज सात वेळा पळाले. फोन आला की चोंगा गोधडीवर ठेवायचा, "धरून ठेवा, बोलावून आणते" म्हणायचं न् सुटायचं. कोणी वावरात, कोणी ओढ्यावर. फोन ठेवा म्हटलं तर कोणी ठेवत न्हाई. एकदा ठेवला की परत लागत न्हाई म्हणतात, तेही खरंच.
दुपारी गंगामावशी आली. शेळ्या ओढ्यावर सोडून येते, चार दिवसांनी एकदा. पोरगं बबन बापाशी भांडून ट्रकवर गेलं, आठ महिने झाले, पत्र न्हाई, फोन न्हाई. ओसरीच्या पायरीवर टेकते, एकच विचारते, "आल्ता का गं?" न्हाई म्हटलं की पाणी पिऊन जाते. आजपण तसंच.

२७ ऑगस्ट, शुक्र.
सेनगावचे लाईनमन सय्यदभाई आले. माळवदावरच्या सोलरची धूळ पुसली, बॅटरीत पाणी घातलं. चहा दिला न् भांडलेच त्यांच्याशी. लोकांना फोन लागत न्हाई, तर शिव्या मला काहून?
म्हणाले, "देखो बेटी, गाँव पंधरा, रास्ते दो." पंधरा गावांच्या पंधरा फोनला मिळून हवेत दोनच वाटा. दोन गावं बोलत असली की तेरा मुकी. आणि आमी काय करतो, तर चोंगा गोधडीवर ठेवून माणूस शोधायला जातो. वाट अडलेली, बोलणारं कोणी न्हाई. सगळ्या गावांत हेच चालतं म्हणे.
मग हिंगोली-नांदेडच्या तारेवर एवढे लोक एकदम कसे बोलतात? त्यांनी बशीतली बिस्किटं तोडली न् ओळीत मांडली. एका तारेवर तीस जण. प्रत्येकाच्या बोलण्याचे बारीक बारीक तुकडे करायचे. ह्याचा एक, त्याचा एक, तिसऱ्याचा एक, असे पाळीपाळीनं सोडायचे. पलीकडे ज्याचे त्याला जोडून द्यायचे. इतकं झपझप की कानाला कळत न्हाई. विचारलं, त्यातला एक गप्प बसला तर? म्हणाले, "तो भी उसकी बारी उसकीच." रिकामी गेली तरी दुसऱ्याला देत न्हाईत.
हे मला लई आवडलं. बिस्किटं शेवटी कोंबड्यांनी खाल्ली.

२८ ऑगस्ट
माझ्या दिवसाचे पण तुकडेच. शेळ्या, चूल, सासऱ्यांचं पाणी, सासूबाईंचे गुडघे, फोन, परत फोन. सगळ्यांची पाळी बराबर ठरलेली. मी जरा गप्प बसले की तेवढी जागा पण कोणीतरी घेतं. रडले थोडी. मग घंटी वाजली.

३१ ऑगस्ट, मंगळ.
बसच्या कंडक्टरनं शोभाची चिठ्ठी दिली. शोभा माझ्या वर्गातली, हिंगोलीत दिली. नर्सिंगचा फळा तीच बघते माझ्यासाठी. लिहिलंय, चार दिवस फोन लावते, तुझा लागतच न्हाई. एक मुलगी सोडून चालली. गुरुवारी यादी लागणार. दोन वाजता फोन करते, लाईन मोकळी ठेव.
चार दिवस! आणि मी वेडी गोधडीवर चोंगा ठेवून पळत होते.

२ सप्टेंबर, गुरु.
लिहावं का न्हाई.
पावणेदोनला घंटी. शोभाच वाटली. बाप्या माणसाचा आवाज, मागं गाड्यांचा गोंगाट. "वहिनी, मी बबन. आईला बोलवता का? मी धरतो."
मावशी ओढ्यावर होती. जायला यायला दहा-पंधरा मिनिटं. एरवी कोणासाठी पण पळाले असते, सातदा पळते. आज घड्याळाकडे बघितलं.
म्हटलं, "धरू नका. ठेवा. अर्ध्या तासानं करा, बोलावून ठेवते."
तो म्हणाला, "वहिनी, परत लागंल न्हाई लागंल."
"लागंल," म्हटलं. मी म्हटलं!
बरं म्हणाला न् ठेवला. कुठून बोलतोय ते पण विचारलं न्हाई मी.
दोन वाजून बारा मिनिटांनी शोभा. नाव लागलं. १३ तारखेला दुपारपर्यंत हजर व्हायचं, न्हाई तर खालची मुलगी. ती ओरडत होती, मी नुसती व्हय व्हय म्हणत होते.
मग ओढ्यावर पळत गेलेच न्हाई. म्हटलं आधी त्याचा येऊ दे. चार वाजले. पाच. न्हाई आला.

४ सप्टेंबर
मावशी आली. "आल्ता का गं?"
न्हाई म्हटलं.
पाणी पिऊन गेली.

५ सप्टेंबर, रवि.
ह्यांनी सांगितलं, जा. पहिल्यांदाच इतकं सरळ बोलले. सासऱ्यांनी पण तोंड वाकडं केलं न्हाई. फक्त एवढंच, फोनपाशी माणूस बसव न् मग खुशाल जा. गावाची वस्तू आहे, उद्या लोक आपल्याला बोलतील. त्यांचं चूक आहे असं पण म्हणता येत न्हाई, त्याचाच राग येतो.

८ सप्टेंबर, बुध.
सासूबाईंना शिकवून बघितलं. चोंगा उलटा धरला, बोलायच्या बाजूनं ऐकून राहिल्या. मग "कोणीच न्हाई मेलं" म्हणून आपटला. हसू आलं, पण हसायची सोय न्हाई. पाच दिवस राहिले. बबनचा फोन न्हाई.

१० सप्टेंबर, शुक्र.
पोळ्याचा नारळ द्यायला मावशी आली. सासूबाईंनी तिला माझं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग म्या बसते की. शेळ्या पुतण्या घेऊन जाईल. न्हाई तरी माझा जीव हितंच ऱ्हातो."
सासरे हो म्हणाले. एका मिनिटात सुटले मी. सुटले कुठं. आत जाऊन पिठाच्या डब्याशी उभी राहिले. सांगावं तर ती बसेल का? न् बसली तरी माझ्या तोंडाकडे कशी बघेल? न सांगावं तर जन्मभर ओझं. मी लबाड आहे हे आजवर मला माहीत नव्हतं.

१२ सप्टेंबर, रवि.
पिशवी भरली. दोन साड्या, सर्टिफिकिटं, शोभाचा पत्ता.
दुपारभर मावशीला शिकवलं. सासूबाईंपेक्षा हुशार निघाली. चोंगा बराबर धरते, नाव-गाव विचारते, विसरत न्हाई. लिहिता येत न्हाई, तर ओसरीच्या भिंतीवर कोळशानं खुणा करते, वरच्या आळीच्या वर, खालच्या आळीच्या खाली. दोन वाटांचं सांगितलं, पंधरा गावांचं सांगितलं. नीट ऐकून घेतलं तिनं.
मग म्हणाली, "अन् कोणी म्हणलं, म्या धरतो, बोलवून आण, तर काय सांगू गं? धर म्हणू का ठेव म्हणू?"
माझ्याकडेच बघत होती. मी वायरीचा पीळ सोडवत बसले.
म्हटलं, सकाळी सांगते.
गाडी साडेसहाची आहे. मावशी सहालाच येते म्हणाली.