दोन्ही बोटांवर शाई

४ तारीख, बुधवार

सकाळी अण्णांना पेपर वाचून दाखवताना एक बातमी गाळली. कुलूप चिन्हवाल्या पक्षाच्या सभेची. विशेष काही नव्हतं तिच्यात – सभा झाली, गर्दी होती, टाळ्या पडल्या. पण गाळली, आणि गाळल्याचं कळू नये म्हणून हवामान दोनदा वाचलं.

अण्णा म्हणाले, "हल्ली पेपर हलका निघतो."

मी म्हटलं, जाहिराती वाढल्यात.

ऐंशी वर्षांच्या बापाला फसवायला काही अक्कल लागत नाही. त्यांच्या नजरेच्या मधोमध अंधार साचलाय, कडेकडेचं तेवढं दिसतं. मागच्या वेळी डॉक्टरांना सांगत होते, समोरच्याचे फक्त कान दिसतात, चेहरा नाही; पुढारी समोर आला तर काहीच दिसायचं नाही, त्याला कान कुठे असतात! डॉक्टर खो खो हसले. मीही हसले. आज त्या माणसाच्या पेपरातली मी एक बातमी खाल्ली.

५ तारीख

इथे तरी सरळ लिहावं. अण्णा यंदा कुलपाला मत देणार आहेत.

अण्णा! एकतीस वर्षं बस डेपोत इंजिनाखाली उताणं पडून काढलेला माणूस. कामगार संघटनेचा चिटणीस. पान्याच्या पक्षाचं या भागातलं पहिलं कार्यालय म्हणजे आमची बाहेरची खोली. पाना हे निवडणूक चिन्ह कुणी सुचवलं यावरून अजून वाद आहेत, पण पत्रकांवर तो पहिल्यांदा छापला तो अण्णांच्या हातातला पाना कागदावर ठेवून, कडेने पेन्सिल फिरवून. तेव्हा अकरा महिने संप चालला. आईने लोकांचे परकर शिवले. मी त्या खोलीत सतरंजीच्या कडेला बसून भूगोल पाठ केला आणि डोक्यावरून घोषणा गेल्या.

का म्हणून विचारलं तर वाद घालतील असं वाटलं होतं. मी मुद्दे जमवून तयार होते. ते एवढंच म्हणाले, "मला भीती वाटते गं. रस्त्यावर कुणी धक्का दिला तर कुणी दिला ते दिसत नाही. कुलूप म्हटलं की बरं वाटतं."

मला राग आला. भित्र्या माणसाचा येतो तसा राग – माझ्या अण्णांनी भित्रं का व्हावं?

७ तारीख

खारूचं, माझ्या लेकीचं, हे पहिलं मतदान. एकोणीस पूर्ण. ती शिट्टीवाल्यांच्या मागे आहे – सगळी तिच्याच वयाची पोरं. तळी, झाडं, सायकलींचे रस्ते. दोन महिने दारोदार पत्रकं वाटतेय. चपलेचा अंगठा तुटला तर दोरा बांधून गेली.

सकाळी चहाला ती आणि आजोबा जुंपतात. ती त्यांना कुलूपशेठ म्हणते, ते तिला शिट्टीबाई. काल ती म्हणाली, तुमच्या कुलपाची किल्ली कुणाकडे राहणार ते विचारलंत का आजोबा? ते म्हणाले, विचारलं, पण तुमच्या शिट्टीमुळे ऐकू आलं नाही. दोघं पोट धरून हसत होते.

मी कपबश्या उचलल्या. मला का नाही हसता येत? नवऱ्याला फोनवर सांगितलं, तो बदलीच्या गावी आरामात बसून म्हणतो, एक मत इकडे नि एक तिकडे, तू कशाला मनावर घेतेस.

१० तारीख

दातांच्या लॅबमध्ये आज दोन पूर्ण कवळ्या बसवल्या मेणात. वरच्या पुढच्या सहा दातांना दीड तास गेला. माणूस हसला की काय दिसणार ते तिथे ठरतं. हे काम मला आवडतं, हाताला विचार करायला लागतो आणि डोकं गप्प बसतं.

आज नाही बसलं. पॉलिशवाल्या ताईंना सांगितलं अण्णांचं. त्या म्हणाल्या, आमच्या सासूबाई पूर्वी टीव्हीवर पुढारी दिसला तरी पदर सावरायच्या, आता त्याला उभ्या-आडव्या शिव्या घालतात. वय झालं की माणूस मोकळा होतो. मी म्हटलं, आमच्याकडचा कुलूप लावून घेतोय. ताई यंत्र बंद करून हसल्या.

अण्णा म्हातारे झाले, डोकं पूर्वीसारखं राहिलं नाही, असंही मी त्यांना सांगितलं. ते मात्र खरं नाही. अण्णांचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं आहे. कालच त्यांनी पंचवीस जणांचे फोन नंबर तोंडपाठ म्हणून दाखवले, त्यातले नऊ मेलेल्यांचे.

१४ तारीख

आठवण आली म्हणून.

मी बावीस वर्षांची होते. घरातल्या सभांचा, बिड्यांच्या वासाचा, अण्णांच्या खरखरीत आवाजाचा वीट आलेला. मैत्रिणींच्या घरी सोफे होते. मी पान्याविरुद्ध मत दिलं. उघड सांगितलंही, जेवताना, सगळ्यांसमोर. आईचा हात थांबला.

अण्णांनी घास संपवला. मग म्हणाले, विचार करून दिलंस ना? मी हो म्हटलं. मग झालं, म्हणाले, आणि आमटी वाढ म्हणून वाटी पुढे केली.

पुढे दहा-बारा वर्षांनी, खारू पोटात असताना, मी ज्या दवाखान्यात कामाला होते तिथल्या आयांना एका दिवसात काढून टाकलं आणि माझी मी पान्याकडे परतले. तेव्हाही ते काही म्हणाले नाहीत. बघ, सांगत नव्हतो? हे तीन शब्द त्या माणसाने मला आयुष्यात ऐकवलेले नाहीत.

१७ तारीख

उद्या मतदान. डोळे अधू असले की सोबत कुणाला तरी नेता येतं, तो त्यांच्या सांगण्यावरून बटण दाबतो. मला वाटलं खारूला नेतील – त्या दोघांचंच मेतकूट आहे. पण म्हणाले, "तूच चल."

इतकं बरं वाटलं मला. मलाच म्हणाले!

१८ तारीख

लिहिते. झालं तसं.

शाळेतलं केंद्र. लहान मुलांचे बाक भिंतीला लावलेले, फळ्यावर कालच्या बेरजा तशाच. रांग फार नव्हती. आधी माझं मत दिलं, डाव्या बोटावर शाई. मग अण्णांची पाळी. केंद्रावरच्या अधिकाऱ्याने एक छापील कागद पुढे केला – यांच्या इच्छेप्रमाणेच मत नोंदवीन, ते कुणाला सांगणार नाही. तो फार सज्जन माणूस. अण्णांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने वाचून दाखवलं. मी सही केली. सोबत्याच्या उजव्या बोटाला शाई लावतात, ती लावली.

पुठ्ठ्याच्या आडोशामागे आम्ही दोघं. अण्णांनी माझं मनगट धरलं होतं, चालताना धरतात तसं.

"कुलूप," हळूच म्हणाले. "दिसलं का?"

दिसलं. वरून चौथं. पाना दुसरा.

मी फार वेळ घेतला नाही, हे मला इथे लिहायलाच हवं. गोंधळले, घाबरले, बोट घसरलं – असलं काही नाही. माझ्या मनात अगदी स्पष्ट आलं की हे खरे अण्णा नाहीत, खरे अण्णा संपातले, आणि मी खऱ्या अण्णांचं मत देतेय. दुसरं बटण दाबलं. यंत्र वाजलं.

"झालं?"

"झालं."

त्यांनी माझं मनगट दोनदा थोपटलं. बाहेर आल्यावर पायरी सांगायची मी विसरले आणि ते अडखळले. "असू दे, असू दे," मलाच म्हणाले.

१९ तारीख

मेण कोरताना उजवी तर्जनी सारखी डोळ्यांपुढे येते. गुलाबी मेणावर ते काळं नख. पॉलिशवाल्या ताईंनी विचारलंच, दोन्ही हातांना कशी काय? वडिलांना घेऊन गेले होते म्हटलं. त्या म्हणाल्या, पुण्य लागलं तुम्हाला.

खालच्या दाढा तीनदा बसवल्या, तीनदा उपटल्या.

२० तारीख

नेलपेंट काढायचं औषध, लिंबू, शेवटी लॅबमधला प्युमिस दगडाचा भुगा. कातडं निघालं, शाई नाही. खारूने पाहिलं.

२२ तारीख

अण्णांना सांगायचं ठरवून सकाळी त्यांच्यापाशी बसले. पेपर सगळा वाचला – शब्दन् शब्द, कुलूपवाल्यांची जाहिरातसुद्धा. ते म्हणाले, आज पेपर जड आहे.

म्हटलं, अण्णा, त्या दिवशी मतदानाला...

"चहा उतू जाईल बघ," म्हणाले.

चहा अजून ठेवलाच नव्हता. त्यांना वाटलं असेल ठेवलाय. मी उठले आणि ठेवला. परत बसायचं धाडस झालं नाही.

बावीस वर्षांच्या मला त्यांनी विचारलं होतं, विचार करून दिलंस ना. मी त्यांना तेवढंही विचारलं नाही. खारूने उद्या मला असं हाताशी धरून कुठे नेलं तर? तिला वाटेल की आईचं डोकं चालत नाही, खरी आई पंचेचाळीसची होती. मग कुठल्या वयाची मी खरी? आज मी ज्याला माझं मत म्हणते ते कोण कधी रद्द करणार?

२५ तारीख

निकाल लागला. आमच्या भागात कुलूपवाला आला, आणि इतक्या मतांनी आला की माझ्या एका चोरीने त्याचा केसही वाकडा झाला नाही. पाना तिसरा. शिट्टी शेवटून दुसरी.

खारू बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आली. डोळे लाल. आजोबांनी तिला जवळ बसवून घेतलं, कुलूपशेठचा रुबाब आज नाही केला. म्हणाले, आमचा पाना पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा शेवटून पहिला होता.

मग माझ्या दिशेने मान वळवून, माझा कान दिसावा इतकी, म्हणाले, "माझंही एक आहे त्यात."

मी स्वयंपाकघरात गेले. नळ सोडून उभी राहिले.

२६ तारीख

आज काही खाल्लं गेलं नाही. लॅबमध्ये काम पडून आहे म्हणून रजा नाही घेतली.

२८ तारीख

माझंही एक आहे त्यात. हे वाक्य दिवसभर.

वाईट याचं वाटतं की चोरी करताना मला मोठं वाटत होतं. तत्त्व वगैरे. एका आंधळ्या म्हाताऱ्याने विश्वासाने माझं मनगट धरलेलं असताना मी तत्त्व पाळलं! संपाच्या काळात फुटलेल्या कामगारांची नावं अण्णांना ठाऊक होती, ती त्यांनी कधी फळ्यावर लिहू दिली नाहीत. प्रत्येकाच्या घरी काय चाललंय ते आपल्याला माहीत नसतं, म्हणायचे. आणि ज्यांचं काय चाललंय ते मला घरात रोज दिसत होतं, त्यांचं मी...

पुरे. उद्या खारूला सांगणार. कुणाला तरी सांगितलंच पाहिजे, आणि मला सहज सोडायची नाही अशी तीच आहे.

२९ तारीख, रविवार

दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालताना सांगितलं. सगळं. तिने हातातली चादर पिळून पूर्ण केली, झटकली, दोरीवर टाकली. मग म्हणाली, मला माहीत होतं. आजोबांनाही. मतदानाच्या आदल्या दिवशीच म्हणाले होते – तुझी आई कुलूप दाबायची नाही, तिला जमणार नाही. मग मला न्या ना, म्हटलं, तर म्हणाले, नको, तिला वाईट वाटेल.

मला चिमटे देत राहिली, एकेक. माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हणून मी माझं कुलपाला दिलं. आजोबांना सांगू नकोस."