गारेगार अक्षता

भिवंडी, १९ जून

प्रिय मैने,

आठवतं का, सातवीत शास्त्राच्या तासाला जास्वंदीचा पराग कागदावर घेऊन आपण दोघी वाकून बघत होतो आणि तुला शिंक आली? सिस्टरनी दोघींना वर्गाबाहेर उभं केलं, आणि उभ्या उभ्या आपण तुझ्या डब्यातली भाकरी नि लोणचं संपवलं. परवा फार आठवलीस.

तुझे गुडघे कसे आहेत? माझे बरे आहेत. जीव मात्र आठवडाभर टांगणीला होता, तो आता भांड्यात पडला. (हे आपल्या व्हॉट्सॅप ग्रुपवरच लिहिलं असतं, पण तिथे पुतळावहिनी आहेत.)

ऑक्टोबरात तू अंबाडी गावच्या मळ्यातून तुझ्या पांढऱ्या ड्रॅगनफ्रूटचा पराग दिलास आणि म्हणालीस, सुका ठेव, फ्रीजरात ठेव. माझी लाल जात. तिला दुसऱ्या जातीचा पराग हाताने लावावा लागतो, नाहीतर नुसती फुलते आणि गळते. तीन वर्षं तेच चाललंय. यंदा फळ धरलं नाही तर वेली उपटून गच्चीवर सोलर बसवणार, असं आमच्या केसरीनाथांनी बजावलं होतं. म्हणून मी जिवापाड जपला गं तो पराग. मिठात घालतात तसे त्यात भाजलेले तांदूळ घातले (ओल धरू नये म्हणून, केवढी ही हुशारी!) आणि डबी फ्रीजरात मटारामागे ठेवली.

सहा कळ्या टपोऱ्या झाल्या. त्या एकाच रात्री उमलून सकाळी मिटणार, आणि नेमकं त्याच दिवशी दिघाशीला थोरल्या जाऊबाईंच्या, म्हणजे पुतळावहिनींच्या, देवेशचं लग्न. मंगलाष्टकं सुरू झाली. वहिनींनी माझ्या मुठीत अक्षता दिल्या, तर त्या गारेगार! एवढ्या उकाड्यात? मग आठवलं, सकाळी वहिनी आमच्याकडे बर्फ न्यायला आल्या होत्या. फ्रीजरात परागाने पिवळे झालेले तांदूळ आयतेच दिसले, ते त्यांनी गजऱ्यांच्या थर्माकोलच्या पेटीत घालून आणले आणि आमच्या बाजूच्या चार रांगांत वाटले.

मी ओरडले, "टाकू नका!" भटजी थबकले. नवरीच्या आईचा चेहरा पांढराफटक.

"आगो, येडी हाय का तू?" वहिनी म्हणाल्या. "पोराचं लगीन हाय, तुज्या झाडाचं न्हाय!"

"दोघांचंही आहे, वहिनी," मी म्हणाले, आणि पदर पसरून रांगांतून फिरले. लोकांना वाटलं, काकीचा काही विधी असेल. प्रत्येकाने निमूटपणे मूठ माझ्या पदरात रिकामी केली. दोघी-तिघी तर पाया पडल्या. मग नवरीकडच्यांनी कुंकवाच्या अक्षता दिल्या आणि लग्न लागलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता तांदूळ चाळून, खाली पडलेली पूड ब्रशने फुलांना लावली. आज आठवा दिवस. सहापैकी पाच फुलांचे देठ हिरवेगार आहेत, म्हणजे फळ धरलं! केसरीनाथ रोज चहाआधी गच्चीवर जाऊन बघून येतात, आणि सोलरवाल्याला त्यांनी "पुढच्या वर्षी बघू" म्हणून सांगितलंय. मैने, मी स्वयंपाकघरात जाऊन जराशी रडले.

तुझी,
रंजिता

ता. क. जुलैत पुन्हा कळ्या येतील. तुझ्याकडचा ताजा पराग पाठव, पण औषधाच्या बाटलीत, वर मोठं लेबल लावून. वहिनींच्या मृणालीचंही ठरतंय.

ता. क. २. धरलेल्या पाचांतलं एक फूल टाकीमागे आहे. तिथवर माझा ब्रश पोचलाच नव्हता. शेजारच्या गच्चीवर गेल्या वर्षी पांढरी जात लावलीय म्हणे, आणि मधमाश्यांना कुणाच्या मुठी गोळा कराव्या लागत नाहीत. हे केसरीनाथांना कळू देऊ नकोस.

ता. क. ३. मी आजारीबिजारी पडले तर वाटणी अशी कर. पहिलं फळ पुतळावहिनींना, मी मांडवात ओरडले त्याबद्दल. दुसरं देवेश आणि नवरी सुकन्याला. तिसरं भटजींना. चौथं केसरीनाथांना, पण कापून, नाहीतर ते फोटोच काढत बसतील. टाकीमागचं कुणालाही सांगू नकोस. ते आपण दोघी खाऊ.