छपरावरून पळालेला शिंपी

दि. ४ मार्च

चि. टकळीस आजीचे अ. आ.

तुझा कागदांचा गठ्ठा मिळाला. फोन कर म्हणतेस, पण फोनवर मी बोलत सुटते. कागदावर जिभेला लगाम बसतो. तिसरी पास बाईचा हात भरून येतो ना लवकर.

वाचायला चार दिवस लागले. लढाईचा सिनेमा म्हणतेस आणि त्यात एक गोळी सुटत नाही. जो तो खुर्चीत बसून बोलतोय. तो परका अधिकारी तर शिवणाच्या टेबलाशी बावीस मिनिटं बोलतो. एवढं बोलायचा पगार कोण देत होतं त्याला? शेवट मात्र झकास. पोरीने सगळ्या पलटणीच्या विजारी कच्च्या दोऱ्याने शिवल्या, संचलनात सेनापतीपासून आचाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या एकदम घसरल्या आणि लढाई दोन वर्षं आधीच आटोपली. मी हसले तर तुझी आई धावत आली, म्हातारीला झालं काय म्हणून.

चुका सांगते. आमच्या घरी दोरा दाताने तोडला की पाठीत धपाटा बसे, तुझी पोरगी पानापानावर तोडते. हाताचं काज आधी कापतात, मग त्याच्या कडा शिवतात. तू उलटं लिहिलंयस.

आता दोन कामं कर, का ते विचारू नकोस. सिनेमाच्या शेवटी पाटी येणार आहे म्हणतेस, ‘माझ्या आजीस, जिच्या जिभेने एक जीव वाचवला’, ती काढ. आणि माझ्या वहिनीला, तुझ्या मामीआजीला, बोलावू नकोस. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, तिला ते थिएटरचे जिने चढवायचे कशाला?

जेवत जा वेळेवर. माया आहेच, ती लिहून वाढत नाही.

तुझी आजी

---

दि. ११ मार्च

ती. आजीस कृ. सा. न. वि. वि.

दोरा आणि काज दुरुस्त केलं. आमच्या दिग्दर्शकांनी विचारलं, हे तुला कुणी सांगितलं? म्हटलं, आमच्या घरी एक सेनापती आहे, तिची विजार कधी घसरली नाही.

पाटी मात्र काढणार नाही. अगं, सगळा सिनेमा तुझ्या त्या एका गोष्टीवर उभा आहे. मी लहानपणी जेवत नसे तेव्हा तू सांगायचीस. सैन्यात जायचं नाही म्हणून मामाआजोबा पोटमाळ्यावर लपले होते, खाली अधिकारी आला, घरी तू एकटी, अकरा वर्षांची, आणि तू त्याला असं बोलण्यात गुंतवलंस की मामाआजोबा छपरावरून पसार. हा घास माळ्यावरच्या दादाचा, हा घास छपरावरच्या दादाचा. मी संवाद लिहायला शिकले ते तिथेच. विजारींचा इतिहास तेवढा माझा, बाकी सगळा तुझा.

आणि मामीआजींना मी आधीच पत्र टाकलं होतं. त्यांचं उत्तर आलं. जसंच्या तसं लिहिते: ‘छपरावरून पळालेल्या माणसाचं कौतुक बघायला मी तिकीट काढून येणार नाही. पळाला ते ठीक. परत यायला कुणी छप्पर अडवलं होतं?’

आजी, मला वाटायचं त्या मामाआजोबांची वाट बघतात. त्या चिडल्यात. पासष्ट वर्षं चिडल्यात. तरी ते जुनं घर सोडत नाहीत. तू त्यांची समजूत घाल ना. तुझ्या जिभेपुढे कोण टिकलंय?

तुझ्या रागाचीही सवय आहे, म्हणून लोभ गृहीत धरते.

तुझी टकळी

---

दि. १६ मार्च

चि. टकळीस अ. आ.

तुझं पत्र पाच दिवस उशीखाली होतं. तुझी आई विचारते, दुखतंय का कुठे. दुखत नाही. लाज वाटते, आणि तिला औषध नाही.

तू मला खोटी ठरवायच्या आधी मीच सांगते. कुणी पळालं नाही.

दादाची लग्नाची नवलाई सरली नव्हती तोवर लढाई दारात आली. सहा महिने तो माळ्यावर. सैन्याच्या माणसांना आम्ही सांगत असू, तो थंडीतच परगावी गेला. दिवस उजाडायच्या आत खाली येऊन तो काजं करून जाई. वहिनी तेव्हा तिच्या आईच्या आजारपणासाठी माहेरी गेलेली, माझी आई तयार कपडे पोचवायला बाहेर. जाताना आईने बजावलं, कुणी आलं तर तोंडाला टाके घाल.

अधिकारी आला तो कोटाचं सुटलेलं बटण घेऊन. सोबत एक शिपाई. तुझ्या सिनेमातल्यासारखा राक्षस नव्हता, शिंप्याचाच मुलगा होता. मी बटण लावत होते तोवर त्याने टेबलावरचा दुसरा कोट उचलला, काजावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, बाईमाणसाचं काज, दोन महिन्यांत उसवणार. बस. एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर मी गिळल्या असत्या. आमच्या घरचं काज कुणी वाईट म्हणावं? मी फणकाऱ्याने म्हटलं, “बाईमाणसाचं नाही, माझ्या दादाचं आहे. सकाळीच केलंय. तुमच्या अख्ख्या पलटणीत असा हात दाखवा.”

तो हसला. पोरगी तिखट आहे म्हणाला. बटण पक्कं बसलंय का ते ओढून पाहिलं, कोट अंगात घातला आणि मग शिपायाला म्हणाला, वर बघ. तुझी बावीस मिनिटं. माझं सगळं दोन मिनिटांत झालं.

उतरताना दादाने शिडीवरून माझ्याकडे बघितलं, आणि रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी आई छावणीवर गेली. त्यांनी तिच्या हातावर त्याचं अंगुस्तान ठेवलं, शिवताना बोटात घालायचं ते, आणि सांगितलं, काल संपवला. घरी येऊन आईने मला मारलं नाही. एवढंच म्हणाली, तू बोललीस हे वहिनीला कळलं तर ती या घरात तुझ्या पंगतीला बसायची नाही, तेव्हा तिला सांगायचं की छपरावरून पळाला. गल्लीत ज्यांनी पाहिलं त्यांनी डोळे मिटून घेतले होते. आई गेली, मग मी एकटीच उरले खरं जाणणारी. मी वहिनीला दर सणावाराला पत्र टाकते आणि पाकिटावर ‘सौ.’ लिहिते. नवरा असलेल्या बाईला लिहितात तसं. लग्न होऊन त्या घरातून बाहेर पडले तेव्हापासून.

तुला ती गोष्ट घासाघासाला भरवली, कारण तू डोळे मोठे करून ऐकायचीस आणि तेवढ्यापुरता तो खरंच पळायचा.

आता ठरव, आजीला लोभ ठेवायचा की नाही. मी आग्रह करत नाही.

आजी

---

दि. २० मार्च

ती. आजीस सा. न.

दोनदा फोन उचलला आणि ठेवला. तू अकरा वर्षांची होतीस, हे मला सारखं लिहावंसं वाटतं, आणि तू म्हणशील की अकरा वर्षांच्या पोरीला पुढे शहात्तर व्हायला बराच वेळ मिळाला होता. म्हणून लिहीत नाही.

पाटी काढली. हवं तर माळ्याचा सगळा प्रसंगही कापते, दिग्दर्शकांशी भांडेन. पण मामीआजींना मी सांगणार नाही, आजी. ते संवाद माझे नव्हेत.

खेळ दहा एप्रिलला आहे, दुपारी तीनचा. दोन खुर्च्या धरून ठेवते.

लोभ होता तिथेच आहे, शोधू नकोस.

टकळी

---

दि. २३ मार्च

ती. वहिनीस नमस्कार.

नावाआधी काय लिहायचं ते आज लिहिलेलं नाही. वाचून झाल्यावर कळेल का ते.

दादा पळाला नाही. तुला टाकून तो कुठेही गेला नाही. तू माहेरी होतीस त्या आठवड्यातच त्यांनी त्याला माळ्यावरून खाली उतरवला आणि दुसऱ्या दिवशी मारला. तो माळ्यावर आहे हे माझ्या तोंडून गेलं. घाबरून नव्हे, मारलं म्हणूनही नव्हे. कुणीतरी त्याच्या काजाला नाव ठेवलं, ते मला सोसलं नाही. जीभ माझी, जीव त्याचा गेला.

तू त्याला शिव्या देत जगलीस. त्यातली एकही त्याची नव्हती, सगळ्या माझ्या होत्या. आई होती तोवर आईने सांगितलं म्हणून गप्प होते. त्यानंतरची चाळीस वर्षं माझी मीच.

सोबत चिंधीत त्याचं अंगुस्तान आहे. तेच बोटात घालून मी आजवर शिवलं. तुझ्या वस्तूवर मी पोट भरलं, हेही मोज.

लोभ असावा, असं लिहायची सोय मी ठेवलेली नाही.

तुझी नणंद

---

दि. २ एप्रिल

वन्संना,

नमस्कार घालत नाही. आयुष्यभर तुम्हांला अहो-जाहो केलं, वयाने तुम्ही लहान असून. या पत्रापुरतं अगं-तुगं करते.

तू काय केलंस ते अकराव्या वर्षी केलंस. ते मी विसरेन की नाही ठाऊक नाही, पण मला समजतं. माझाही राग त्याच घराण्यात मुरलाय, काजाला नाव ठेवलं तर मीही उसळले असते. पण नंतरचं? दर वर्षी माझ्या घरी यायचीस, ताटाला ताट लावून जेवायचीस, आणि मी म्हणायचे, मेला कुठे तरी दुसरा संसार मांडून बसला असेल. तू मान खाली घालून जेवायचीस. मला वाटायचं भावाची लाज वाटते हिला.

रागावर मी घर चालवलं गं. कंबर मोडली तरी राग उभं करायचा. आता चौऱ्याऐंशीव्या वर्षी रडायला शिकू? आणि त्याला जे जे बोलले ते परत कसं घेऊ?

अंगुस्तान मिळालं. माझ्या बोटाला सैल होतं. आत कापूस घातला.

तुझ्या नातीला सांग, काही कापू नकोस. मला बघायचंय. तू माझ्या शेजारी बसायचंस. न्यायला ये, मला जिने एकटीने चढवत नाहीत.

लोभाचं नंतर बघू.

वहिनी

---

दि. १२ एप्रिल

चि. टकळीस अ. आ.

खेळ संपल्यावर तू गर्दीत अडकलीस आणि आम्ही दोघी निघून आलो, म्हणून लिहिते. तू पुढच्या रांगेत होतीस, तुला मागचं काय दिसणार?

जिने मी चढवले तिला. चार पायऱ्या झाल्या की थांबायची. माझा हात धरायचा नाही म्हणून कठडा धरायची. बसलो तेव्हा मांडीवर पिशवी आणि पिशवीवर हात, बोटात अंगुस्तान. लोक विजारींच्या आधीच हसायला लागले होते. ती हसली नाही. अधिकारी बोलत होता तोवर तिने एकदाही पडद्यावरून नजर काढली नाही. मी मात्र खाली बघत होते. माझ्या खुर्चीखाली कुणीतरी शेंगांची टरफलं टाकली होती, ती मी मोजली.

मग माळ्याचं दार उघडलं आणि तो कौलांवर चढला. तुझा नट दादाहून बुटका आहे, पण पाठ थोडी तशीच दिसते. आणि वहिनी मोठ्याने म्हणाली,

“पळ. पळ रे, मागे बघू नकोस.”

पुढच्या दोन बायकांनी वळून पाहिलं. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या पुन्हा वळल्या नाहीत. वहिनीने माझं मनगट धरलं होतं. अंगुस्तान रुतलं, अजून वळ आहे. माफी वगैरे समजू नकोस तू. तिला धरायला काहीतरी हवं होतं, आणि शेजारी मी होते.

विजारी घसरल्या तेव्हा ती हसली. अगदी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. कधीपासून हसणं थांबलं आणि दुसरं सुरू झालं ते मी विचारलं नाही. मग तुझी नवी पाटी आली, ‘एका शिंप्यास, ज्याची काजं उसवली नाहीत’. तिने मला ती दोनदा वाचायला लावली, चष्मा घरी राहिला म्हणाली. चष्मा तिच्या नाकावर होता.

घरापर्यंत सोडली. दारात थांबून कुलूप उघडलं, मला आत बोलावलं नाही. पण पुन्हा अहो-जाहोवर आली. म्हणाली, पुढच्या पत्रावर खरं लिहा, वन्सं.

पाकीट आता समोर आहे. ‘गं. भा.’ एवढं लिहिलं, नवरा गेलेल्या बाईला लिहितात ते. दोन अक्षरांना सकाळ गेली. आत काय लिहायचं ते सुचलेलं नाही. जिभेला नेहमी लगेच सुचायचं, हाताला सुचेल तेव्हा सुचेल. तोवर कोरा कागद तसाच ठेवलाय, त्यावर चष्म्याचं घर ठेवून, उडू नये म्हणून.

तू दोरा दाताने तोडू नकोस.

आजी