डिस्कच्या मागची क्लिप

निशा,

तुझा प्रोजेक्ट नव्या हार्ड डिस्कवर टाकलाय. आपला कॉम्प्युटर जुना, त्याला चाळीस जीबी झेपत न्हाय, सुरू होतानाच अडकतोय. म्हणून डिस्कच्या मागं एक बारकी क्लिप लावलीया. तिच्यामुळं आता त्याला बत्तीसच दिसतात, आणि तो चालतोय. उरलेल्या आठाच्या नादानं क्लिप काढू नको.

मीपण ह्या घरात पप्पांना झेपंल तेवढाच दिसत आलो. सोनमचं नाव चार वर्षांत त्यांच्यापुढं काढलं न्हाय. आज ती हातकणंगल्याच्या स्टेशनावर माझ्या गाडीत चढणार हाय. लग्न पुण्यात करतोय.

पप्पांना तूच सांग, आणि सगळं सांग. गप्प बसले तर बसू देत. जेवताना तेवढं त्यांना एकटं सोडू नको.

दादा