आत्याचा गुडघा आणि बुधवारची प्रार्थना

टूवूंबाच्या पुढे, तासाभरावर
४ ऑगस्ट २०२५

ती. चित्राआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोन उचलत नाहीस, म्हणून कागदावर गाठतेय. ख्रिस्ती युनिव्हर्सिटीत शिकवायला आले म्हणून रुसलीस ना? अगं, पॉइंट कुकमधली तुझ्या नातवाची शाळासुद्धा हिच्यापेक्षा मोठी असेल. इथे मला बाटवायला कोणाला सवडच नाही, सगळे पेपर तपासण्यात बुडालेत.

दर बुधवारी चहाआधी प्रार्थना असते. आमचे पाद्री, इयन, प्रत्येकाला विचारतात, कोणासाठी काय मागायचं? मी तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलं. आता लायब्ररीवाल्यांपासून पेट्रोल पंपवाल्यापर्यंत सगळं गाव विचारतं, आँटीचा गुडघा कसा आहे? तुझा लेक विवेकदादा मला म्हणाला, आता चालढकल केलीस तर वॉकर कायमचा. तेव्हा शहाण्यासारखी जा.

राग पोटात घालून लोभ ठेव.
तुझी निहारिका

पॉइंट कुक
११ ऑगस्ट

चि. निहारिकास,
अ. उ. आ.

गुडघा माझा, आणि दवंडी पिटतेस तू? भवाने, पेट्रोल पंपापर्यंत?

आता ऐक. विवेकला आणि सुनेला, नुपूरला, अजून ठाऊक नाही. ऑपरेशन मी फोन करून रद्द केलंय. भूल दिल्यावर आमच्या ह्यांनी पुन्हा डोळे उघडले नाहीत. मला फार भीती वाटते गं. तुझ्या लोकांना सांग, आता काही मागू नका.

जेवणाची आबाळ करू नकोस.
तुझी आत्या

२१ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून रडले. मग काल बुधवारी सगळ्यांना खरं सांगून टाकलं, आत्या घाबरलीय, ऑपरेशन रद्द. इयन म्हणाले, "मग गुडघा राहू दे. आज भीतीसाठी मागू."

नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, नोव्हेंबरात त्यांचं हृदयाचं ऑपरेशन आहे, आणि तेही घाबरलेत. पाद्रीच घाबरला तर लोकांनी कोणाकडे बघायचं, म्हणून बोलत नव्हते. तुला हे मुद्दाम कळवायला सांगितलंय. तुझ्यामुळे त्यांना सोबत मिळाली म्हणे.

मी अजिबात आग्रह करत नाही. माया आहे तशीच असू दे.
तुझी निहारिका

१८ ऑक्टोबर

चि. निहारिकास,
अ. उ. आ.

फोनवर सगळं सांगून झालंय, तरी हे कागदावरच लिहायचं होतं. तिकडे परकी माणसं माझ्या भीतीसाठी देवाला साकडं घालतायत आणि मी इकडे सोफ्यावर बसून भजी खातेय, याची लाज वाटली. म्हणून पुन्हा ऑपरेशनला नंबर लावला. भूल उतरल्यावर डोळे उघडले आणि आधी चहा मागितला. नर्स म्हणाली, नो वरीज. दूध कमी होतं, पण गोड लागला.

फराळाचा डबा पोस्टाने निघालाय. चकल्या नुपूरने तळल्यात, मी नुसती ओरडायला होते. सगळ्या युनिला पुरव, एकटी फस्त करू नकोस. तुझं माझं प्रेम आहेच, त्यात आता त्यांचीही भर पडू दे.

काल काठी टेकत देवळात जाऊन आले. इयनच्या नावाने अभिषेक सांगितला. गुरुजींनी त्यांचं गोत्र विचारलं. मी म्हटलं, आमचंच लावा.

तुझी आत्या